तीन ठिपके

४ मार्च

चि. खारूताईस,

मामाचे अनेक आशीर्वाद. तू पाठवलेले गाडीचे फोटो पोचले. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. मामीचा गुडघा कुरकुरतो, पण तो कुरकुरला नसता तर ती स्वतः कुरकुरली असती, तेव्हा चाललंय ते ठीकच म्हणायचं. काल फोन मध्येच ठेवावा लागला. दुकानात गिऱ्हाईक आलं होतं. रागावू नकोस.

तर शेवटी शोधलीसच तू ती गाडी! दोन दारांची, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकलेली आणि वर बावीस वर्षांची म्हातारी. तू सातवीत असताना गॅरेजच्या कॅलेंडरमधलं तिचं चित्र मीच तुला फाडून दिलं होतं. तू दातांची डॉक्टर झालीस आणि ते चित्र थेट दवाखान्याच्या भिंतीवर लावलंस, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

माझं ऐकशील तर घेऊ नकोस. दुरून डोंगर साजरे. अशी गाडी घेणं सोपं, पोसणं अवघड. पण तू ऐकणार नाहीस, लहानपणी खिशात नट-बोल्ट भरून पळायचीस तेव्हाही ऐकायची नाहीस. म्हणून निदान नीट बघून घे.

सकाळी जा, आणि न सांगता लवकर जा. आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर समजायचं की मालकाने तू यायच्या आत इंजिन चालवून ठेवलंय. मग तिथेच गप्पा मारत बस, ते थंड होईपर्यंत हलू नकोस. थंड इंजिन खोटं बोलत नाही. सुरू करताना मागे कुणालातरी उभं कर आणि निळा धूर येतो का ते बघायला सांग. ऑइलचं झाकण उघडून आतून बघ. दुधाळ चिकटा दिसला तर पर्स उचल आणि घरी ये. इंजिनातला पट्टा कधी बदलला त्याची पावती माग. 'बदललाय हो' म्हणणारे पुष्कळ भेटतात, पावतीवाले थोडे. लोहचुंबक रुमालात गुंडाळून सगळ्या अंगावरून फिरव. जिथे चिकटणार नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे. टायर एकाच बाजूने झिजलेत का बघ. चेसिसचा नंबर कागदाशी ताडून पाहा.

आणि दाराच्या बिजागरीमागे बघ. आता गाडी पिवळी आहे, पण तिथे आधीचा रंग राहून जातो. कुठला आहे ते मला कळव.

आणखी एक, अगदी सहज. डिकीतली स्टेपनी काढ, खालची चटई उचल, आणि उजव्या कोपऱ्यात पत्र्यावर काही खूण आहे का तेवढं बघ. जुन्या गाड्यांत असतं कधीकधी काहीतरी. न विसरता बघ पण. आणि ते बघेपर्यंत आईला त्या गाडीत बसवू नकोस. तिला वेग सोसत नाही.

तुझा
पत्र्यामामा


९ मार्च, शुक्रवार

चि. खारूताई,

आशीर्वाद. हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, उद्या सकाळी तुझ्या दवाखान्यात पोचेल. पहिला पेशंट खुर्चीत बसायच्या आत वाच.

तुझा निरोप मिळाला. इंजिन थंड होतं, धूर नाही, झाकण स्वच्छ, पट्ट्याची पावती आहे, चुंबक सगळीकडे चिकटला, कागद जुळले. बिजागरीमागे हिरवा रंग. स्टेपनीचा नट गंजलाय म्हणून ती काढायची राहिली. तू इसार देऊन मोकळी झालीस आणि रविवारी आईला शेजारी बसवून घाटातून पहिली फेरी मारणार आहेस.

हिरवा रंग वाचला आणि लगेच तुला फोन लावला. काल फोनवर मी एवढंच म्हणालो, की माझं पत्र येईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नकोस. तू 'का?' विचारलंस आणि मी उकाड्याबद्दल बोलायला लागलो. तीनदा फोन केला, तिन्हीदा तेच. तुझं 'बोल मामा' ऐकलं की मी विषय बदलतो. त्या दिवशी ते गिऱ्हाईकही आलं नव्हतं. फोटो बघून एक जुनी गाडी आठवली, म्हणून फोन ठेवला.

आता लिहितो. मधे थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका दमात लिहितो.

अठरा वर्षांपूर्वी, मी ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या वस्तादांच्या गॅरेजमध्ये या जातीच्या दोन गाड्या आल्या. एकीचं तोंड फुटलेलं, दुसरीचं ढुंगण. मालकाला दोन्ही मिळून एक हवी होती. सीटच्या खालून दोन्ही कापायच्या आणि चांगले अर्धे जोडायचे. असली कामं तेव्हा होत. वस्ताद म्हणायचे, करायचीच तर अशी करा की तीत तुमची आई बसेल. आतून जाड पट्टी घालायची, मग सलग वेल्डिंग, एका काडीची जागा सोडायची नाही. ते काम माझ्याकडे आलं. या जातीची गाडी माझ्या हाताखालून तेवढी एकदाच गेली. जोडल्यावर तिला हिरवा रंग द्यायचा ठरला होता.

आमच्या गॅरेजची एक रीत होती. काम पुरं झालं की करणाऱ्याने पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, पत्र्यावर आपली खूण ठोकायची, कुणाला दिसणार नाही अशा जागी. माझे तीन ठिपके. वस्ताद संध्याकाळी काम तपासत नसत, फक्त ठिपके बघत. अपुऱ्या कामावर खूण ठोकणारा माणूस त्या छपराखाली असेल असं त्यांच्या मनातही येत नसे.

त्या दिवशी निम्म्यातच गॅस संपला. नवीन सिलिंडर सकाळी येणार होता. मी कच्च्या शिलाईसारखे इथे एक तिथे एक असे टाके घालून दोन्ही अर्धे धरून ठेवले होते, आतली पट्टी बाहेरच पडलेली होती. पाच वाजत आले. काम राहिलं म्हटलं की वस्ताद चारचौघांत सोलून काढत, आणि आदल्याच दिवशी माझी सालं निघाली होती. मी भ्यालो. जोडावर खालून पुट्टी ओढली, स्टेपनीच्या जागी तीन ठिपके ठोकले. म्हटलं, सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पुरं करीन.

सकाळी सगळ्यांच्या आधी आलो तर गाडी नव्हती. वस्तादांनी ठिपके पाहिले आणि ती रात्रीच रंगाऱ्याकडे पाठवून दिली.

तेव्हा तोंड उघडायचं होतं. आज उघडू, उद्या उघडू करत राहिलो आणि आठ दिवसांनी मालक गाडी घेऊन गेला. तुला कळावं म्हणून तुझ्या भाषेत सांगतो. आत कीड तशीच ठेवून मी वरून दाताला टोपी बसवली. तू चुंबक बाहेरून फिरवलास, बाळ. माझी पुट्टी खालून आहे. कागदही जुळणारच, कारण नंबर पुढच्या अर्ध्यावर असतो आणि मागच्या अर्ध्याला कुणी काही विचारत नाही. साध्या रस्त्यावर ती वर्षानुवर्षं धावेल. जोराचा दणका बसला तर मधून उघडेल.

मी ते गॅरेज सोडलं तेव्हा तुझ्या आईला सांगितलं, वस्तादांशी भांडण झालं. कसलं भांडण! वस्ताद अंथरुणाला खिळले तेव्हा भेटायला गेलो होतो, आज सांगायचंच असं ठरवून. ते माझा हात धरून म्हणाले, "तुझे ठिपके दिसले की मी काम कधी तपासलं नाही हो." मी त्यांची उशी नीट केली आणि परत आलो.

तेव्हापासून रोज सकाळी पेपर उघडतो तो अपघाताच्या पानावर. आधी गाडी कुठली ते बघतो, मग माणसं. मामीला वाटतं मला उतारवयात वाचनाची गोडी लागली.

उद्या तो नट तोडून काढ. न निघाला तर मेकॅनिकला बोलाव, पण काढ. ठिपके असतील तर मालकालाही सांग, त्याला अंधारात ठेवू नकोस. मी येतो, त्याच्यासमोर उभा राहतो. तू मला काय म्हणायचं ते म्हण. आईला सांगायचं की नाही तेही तूच ठरव. फक्त त्या गाडीत बसू नकोस, तिलाही बसवू नकोस. पाया पडतो, हवं तर मामाने भाचीच्या पाया पडावं, पण बसू नकोस.

तुझा,
भित्रा
मामा


१३ मार्च

चि. खारूताई,

तुझा फोटो मामीने मोठा करून दाखवला. मी चष्मा पुसून पुसून पाहिला. उजव्या कोपऱ्यात काही नाही. डाव्यातही नाही. मेकॅनिकने गाडी वर चढवून खालचा सगळा पत्रा ठोकून पाहिला आणि तो एका तुकड्याचा, कारखान्यातून आला तसा आहे म्हणाला. हिरवा रंग कारखान्याचाच. जिवात जीव आला म्हणजे काय ते मला परवा कळलं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून लहान पोरासारखा रडलो. मामीने कारण विचारलं, आणि या वेळी मी उकाड्याबद्दल बोललो नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चला, आता सगळ्यांना सांगा."

मला वाटलं होतं तू शिव्या देशील. तू फोटोखाली एकच ओळ लिहिलीस. 'मामा, ही ती नाही. मग ती कोण चालवतंय?'

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचतोय. अठरा वर्षं मी म्हणत आलो, एव्हाना भंगारात गेली असेल. तुझ्या गाडीकडे बघून कळतं की या गाड्या भंगारात जात नाहीत, लोक त्यांना जिवापाड जपतात. रंग बदलतात, पट्टे बदलतात, पावत्या ठेवतात. कुणीतरी तिच्यावरही असाच जीव लावत असेल.

या गाड्यांच्या मालकांची एक संघटना आहे, वर्षातून एकदा सगळे जमतात, असं तू म्हणालीस. सोबतचं पत्र त्यांच्या यादीतल्या प्रत्येकाला पाठव. माझं नाव, पत्ता, फोन त्या पत्राच्या मागे लिहिलाय, तो झाकू नकोस. आणि जमतील तेव्हा मला घेऊन चल. गुडघे मामीचे दुखतात, माझे शाबूत आहेत. एकेका गाडीखाली झोपून मी बघेन.

रविवारी फेरी मारलीत म्हणे. आई ओरडली का? तुझी गाडी चांगली आहे. सुखाने चालव.

मामा


१३ मार्च

ज्यांच्याकडे ती गाडी आहे त्यांस,

स. न. वि. वि.

आपण मला ओळखत नाही. मी पत्र्याचं काम करतो. आज गाडी बाहेर काढण्याआधी डिकीतली स्टेपनी काढा, चटई उचला आणि उजव्या कोपऱ्यात बघा. पंचाने ठोकलेले तीन ठिपके एका ओळीत दिसले तर गाडी चालवू नका. अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही नको. तिचा जोड सीटखाली आहे आणि तो अपुरा आहे. हे मला माहीत आहे, कारण तो मीच अपुरा सोडला.

तुमची गाडी नीट धावत असेल. इतकी वर्षं काही झालं नाही, हा म्हातारा उगाच भिववतोय, असं वाटेल. कृपा करून घाबरा. माझ्या वाटणीची भीती आता थोडी तुम्हीही घ्या.

मला फोन करा. कुठेही असाल तिथे मी स्वखर्चाने येईन. तुमच्यासमोर जोड उघडून दाखवीन, आणि पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवाल तसं होईल. रागावलात तर ऐकून घेईन.

आणखी एक गोष्ट कबूल केल्याशिवाय सही करवत नाही. गेल्या आठवड्यात मला वाटलं की त्या गाडीत माझी भाची बसणार आहे. मी सहा दिवसांत सगळं सांगून टाकलं. तुम्ही त्यात अठरा वर्षं बसत होतात, आणि तुम्ही माझे कुणी नव्हतात.

फोनजवळ बसलो आहे.

तुमचा अपराधी,
तीन ठिपकेवाला