डाव्या पायाचा धागा

भिवंडी,
दि. ३ नोव्हेंबर १९९१

ती. मैनाताईस,
धाकट्या अनंताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. लसींचा डबा वाचवता वाचवता ओढ्यात पडलीस, त्याला पाच महिने झाले. प्लास्टर निघालं, पण डावा गुडघा काही वाकत नाही. आणि मार्चअखेर सातही पाडे एकटीने फिरून दाखवले नाहीस, तर ठाण्याच्या ऑफिसात रजिस्टरं लिहायला बसवणार, असं पत्र आलंय म्हणतेस. हे वाचून तुझ्या भावजयीला, बकुळाला, घास गेला नाही. मी जेवलो, कारण माझ्याकडे एक बातमी होती.

रागावू नकोस. मी मोटारसायकल घेतली. जुनी बुलेट. अंजूरला कोंडू पाटलाच्या पडवीत चार वर्षं उभी होती आणि टाकीवर कोंबड्या बसत होत्या. पाटील म्हणाला की गाडी हाय, पन जीव न्हाय तिच्यात. मी म्हटलं, अहो, मी लूमचा फिटर, जीव घालायचाच पगार घेतो. शिफ्टमध्ये दुपारी चोवीस लूम एका सुरात लागले की मला उघड्या डोळ्यांनी स्वप्न पडतं. गेला आठवडाभर एकच पडतंय.

तुला आठवतं? दिघाशीहून चालत जाऊन आपण गणेशपुरीला आश्रमासमोर काकड्या विकायला बसायचो. एकदा एक गोरा माणूस एका लांबलचक, बुटक्या मोटारसायकलवरून आला. पाय पुढे पसरलेले, हात वर, जसा काही झोपाळ्यावर बसलाय. काकड्या उन्हात सुकल्या तरी आपण दोघं बघतच बसलो. माझ्या बुलेटची मी तशी गाडी करणार आहे.

सोबत लाल सूत पाठवतोय. कंबरेपासून टाचेपर्यंत डाव्या पायाचं माप घे आणि टाचेशी गाठ मारून परत पाठव. बकुळा तुला पंजाबी ड्रेस शिवणार आहे. घरातला नायलॉनचा धागा घेऊ नकोस, तो ताणतो. हे कांजी दिलेलं सूत आहे, दिलेल्या शब्दासारखं राहतं.

आईला जयभीम. माया आहेच, ती ओरडूनही दाखवलीस तरी चालेल.
तुझा,
अनंता

गणेशपुरी,
दि. १४ नोव्हेंबर १९९१

चि. अनंतास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली की याच्या डोक्यात लूमचा धोटा घुसलाय, दुसरं काय. मी तुझी बाजू घेतली नाही. घरात छप्पर गळतंय आणि साहेबांना झोपाळा हवाय! आणि मला चौतिसाव्या वर्षी पंजाबी ड्रेस? पाड्यावरच्या बाया मला शाळेतली पोर समजतील.

माप पाठवते आहे. मला काय, बसल्या जागी वेळच वेळ आहे. दुपारी आरोग्य केंद्रात कोणी नसतं. स्टुलावर पाय ठेवून खिडकीतून बघते. लांबवर तानसा चमकते, पलीकडे शेवटच्या पाड्याची पायवाट डोंगराला लागते. डोळा लागला की मी त्या वाटेनं चालतच असते, दोन्ही पायांनी, पिशवी खांद्याला. मग कंपाउंडर दार वाजवतो आणि गुडघा जागा होतो.

ठाण्याची भीती वाटते रे. पगार तोच मिळेल. पण शेवंताचं सातव्या महिन्यातलं बाळ मी कापसात गुंडाळून जगवलं, ते आता दारात नाचतं. रजिस्टरात ते फक्त एक नाव असेल. मला ते लिहायचं नाही, त्याला उचलून घ्यायचंय. पाय म्हणशील तर काठीसारखा सरळ आहे, वाकत तेवढा नाही. काळजी करू नकोस.

बकुळेला आणि तुझ्या त्या भंगाराला आशीर्वाद. ताईची आठवण गाडीच्या आवाजात बुडू देऊ नकोस.
मैना

भिवंडी,
दि. १२ जानेवारी १९९२

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

बकुळा म्हणते की आता गाडीला घरात घ्या आणि तुम्ही गल्लीत झोपा. खरंच देखणी झालीय. वेल्डर रशीदभाईने सीट वीतभर खाली घेतली. हँडल म्हशीच्या शिंगासारखं वर नेऊन मागे वळवलं. रंग मात्र भांडून मी ठरवला, पावसाळी ढगाचा. रशीदभाई लाल म्हणत होता. त्याचं म्हणणं, गाड़ी है तो दिखनी चाहिए. मी म्हटलं, ही ऐकू येईल.

आता खरं सांगतो, कारण मला ते पोटात ठेवता येत नाही. गाडी माझी नाही, तुझी आहे. तो गोरा पाय पुढे पसरून बसला होता ना? मग जो पाय वाकतच नाही त्याला यापेक्षा चांगली जागा कोणती! हिचा गिअर आणि किक उजव्या पायाला, ब्रेक तेवढा डाव्याला. ब्रेक आणि पाय टेकायचा पायटा मी लांब दांडीवर पुढे नेलाय, तुझ्या लाल धाग्याच्या मापाने. गुडघा नको, नुसता घोटा दाबला की झालं. आणि चालवायला तुला कोण शिकवणार? दिघाशीच्या माळावर मामाची राजदूत तूच पळवायचीस, मी मागून धावत असायचो.

सव्वीस जानेवारीला घेऊन येतो. आईला आत्ता सांगू नकोस. लोभ टाकीभर भरून ठेव.
तुझा,
अनंता

भिवंडी,
दि. २ फेब्रुवारी १९९२

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

सव्वीस तारखेला तू चहा न घेता आत गेलीस आणि दार लावलंस. मी गाडी घेऊन परत आलो. भिवंडीपर्यंत रस्ता दिसत नव्हता.

झेंडावंदनाहून आलेलं अर्धं गाव जमलेलं. तू बसलीस, हँडल धरलंस, आणि तुझा पाय ब्रेकपासून चार बोटं अलीकडेच हवेत राहिला. त्या वेळचं तुझं तोंड मला लूमवर दिसतं. दोन वेळा माझं सूत तुटलं, मालक बोलला. मी सगळं पुन्हा मोजलं. दांडी धाग्याबरहुकूम आहे, केसाचाही फरक नाही. रशीदभाई म्हणतो धागा झूठ नहीं बोलता. मग चुकलं कुठे? माझंच चुकलं असेल. तुला विचारायला हवं होतं, सगळ्यांसमोर बसवायला नको होतं. माझ्या स्वप्नासाठी मी तुझा तमाशा केला.

दोन ओळी लिही. रागाच्या असल्या तरी लिही.
अनंता

गणेशपुरी,
दि. ९ फेब्रुवारी १९९२

चि. अनंतास,
अनेक आशीर्वाद.

तुझं काही चुकलं नाही. दांडी बरोबर आहे, धागाही खरा आहे. पाय खोटा होता.

मी तुला उजव्या पायाचं माप पाठवलं. डावा काठीसारखा सरळ नाही रे. थोडा वाकून आखडलाय, जमिनीला टाच लागत नाही. साडीच्या घोळाखाली कुणाला कळत नाही. मी चवड्यावर चालते आणि लंगडले की चपलेला नावं ठेवते. आईला ठाऊक आहे, तिला मी शपथ घातलीय. तुझा लाल धागा डाव्या पायाला लावला तेव्हा गाठ जिथे येत होती तिथे मला मारवेना. ड्रेसचंच तर माप आहे, असं म्हणून उजव्याला लावला. दुसऱ्यांच्या जखमा उघड्या करून बघणारी मी नर्स, आणि स्वतःचा पाय झाकून बसले. बकुळेनं शिवून पाठवलेल्या सलवारीचा डावा पाय चार बोटं आत दुमडून टीप घातली, तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. लाज वाटली. मग सव्वीस तारखेला सगळ्या गावानं पाहिलंच, आणि तू बिचारा स्वतःला दोष देत बसलास, याची जास्त लाज वाटली.

सोबत धागा आहे. पांढरा, केंद्रातला, कारण तुझं लाल सूत संपलं. हा डाव्या पायाचा. आईने धरला, मी गाठ मारली. त्याहून एक सूतभरही लांब करू नकोस.

तुझ्यावर रागावले नव्हते. माझी माया मोजून पाठवता येत नाही, नाहीतर तिच्यातही घोळ घातला असता.
मैना

गणेशपुरी,
दि. २९ मार्च १९९२

चि. अनंतास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नव्या मापाची दांडी बसवून तू गाडी इथे ठेवलीस आणि एस.टी.ने परत गेलास, त्यानंतर आठ दिवस माळावर रोज पडले. एकदा करवंदीच्या जाळीत. आई दर वेळी म्हणायची आता न्हाय, आणि दर वेळी गाडी उचलायला हात लावायची. आरटीओचा कागदही झाला. तिथल्या माणसाने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं की चालवणार कोण.

काल ठाण्याहून साहेब आले. पत्रात लिहिलं होतं की पाडे एकटीने फिरावेत. पायी फिरावेत असं कुठे लिहिलं नव्हतं, ते मी त्यांना वाचून दाखवलं. ते जीपमधून मागे येत होते. चौथ्या पाड्याच्या चढावर जीप थांबली, मी नाही. सातव्या पाड्यावर पोचले तेव्हा शेवंता पोराला कडेवर घेऊन वाटेवरच उभी होती, आवाज ऐकून. आधी मला दारोदार हाका माराव्या लागायच्या. साहेब उशिरा चालत आले, घाम पुसला आणि तिथेच सही केली. मी इथेच राहते आहे, अनंता.

पण मला तुला वेगळंच सांगायचंय. परत येताना मी केंद्राच्या फाट्यावर वळले नाही. तशीच पुढे गेले, आश्रमावरून, आपण काकड्या घेऊन बसायचो त्या झाडाखालून, वज्रेश्वरीच्या बाजूला. काही काम नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदा मी कुठेतरी उगाच गेले. ऊन मऊ झालं होतं, पळसाचे पेटलेले माळ आपण होऊन मागे सरकत होते, आणि जाग आहे की झोप हे कळत नव्हतं. जो पाय मी साडीखाली लपवत होते, तो डोळ्यांसमोर होता, सगळ्यांना दिसेल असा पुढे पसरलेला. प्रत्येक वळणावर, प्रत्येक गावात, तो माझ्याआधी पोचत होता.

तू दांडीला गुंडाळून ठेवलेला पांढरा धागा मी सोडलेला नाही. बकुळेला घेऊन ये, तिलाही फिरवून आणते. तू मागून धाव.
तुझी ताई,
मैना