लघुशंका पॉझिटिव्ह

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (खरोखरीचा साष्टांग जमणार नाही, सांधे धरलेत, मनातल्या मनात घातला असं समज.) भावजींचे गुडघे काय म्हणतात? भाचीचं बाळ आता घरभर धावत असेल. सात वर्षांनी माझं अक्षर बघून तुझ्या हातातला चहा हिंदकळला असेल. आई गेल्यावर तू मला चार पानी पत्र लिहिलंस, आणि मी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या सदतीस चुका लाल शाईने दुरुस्त करून ते तुलाच परत धाडलं, तेव्हापासून तू अबोला धरलास. फोन केला असता, पण तू उचलला नसतास. म्हणून दवाखान्याच्या खाटेवरून हे लिहितोय आणि शेठच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. (शेठ म्हणजे आमच्या छापखान्याचे मालक.) ताई, मी हादरलोय गं, पार हादरलोय.

झालं असं, की महिन्याभरापूर्वी माझ्या दोन्ही नडग्यांवर लाल ठिपके उमटले. आता बत्तीस वर्षं प्रुफं तपासणाऱ्या माणसाला अंगावर लाल ठिपके दिसले तर तो काय समजेल? शाई! (पँटच्या आत शाई शिरेल कशी, हा प्रश्न मला पडला नाही. तुला पडला असता.) आठवडाभर मी नडग्या स्पिरिटने घासल्या. मग नाकातून रक्त आलं, ते उन्हावर ढकललं. दम लागला, त्याचं खापर जिन्यावर फोडलं. शेवटी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, वर फेसही यायला लागला, तेव्हा मात्र दोष द्यायला कोणी उरलं नाही. शेठनी हाताला धरून मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त दिलं, लघवी दिली.

चार दिवसांनी लॅबमध्ये रिपोर्ट आणायला गेलो. खिडकीतल्या बाईंनी मूळ कागद परस्पर डॉक्टरीणबाईंकडे पाठवला होता. मला म्हणून मराठीत चिठ्ठी लिहून ठेवली होती: ‘अँका पॉझिटिव्ह. ताबडतोब डॉक्टरांना भेटा.’ अँका! कुठल्या कोशात आहे हा शब्द? तीन कोश पालथे घातले. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तपासणी लघवीची, तेव्हा मूळ शब्द ‘लघुशंका’. सुरुवातीची दोन अक्षरं गळली आणि ‘शं’चा ‘अँ’ झाला! मी लाल पेनने ‘लघुशंका पॉझिटिव्ह’ अशी दुरुस्ती केली, समासात सही ठोकली आणि सुधारित प्रत मिळावी म्हणून चिठ्ठी खिडकीत परत देऊन घरी आलो. (‘ताबडतोब’ हा शब्द शुद्ध होता, त्यामुळे तिकडे लक्ष गेलं नाही.) असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन थेट छापखान्यात आला. त्या इतक्या ओरडल्या की शेठना माझ्या कानाला लावलेला फोन पलीकडच्या टेबलावरून ऐकू गेला. अँका ही चूक नव्हती, ताई. अँका म्हणजे रक्तातली एक गडबड. आपल्या शरीरात रोगजंतूंवर खूण करणारे पहारेकरी असतात म्हणे. माझ्यातले पिसाळले आणि माझ्याच पांढऱ्या पेशींवर खुणा करत सुटले. त्या पेशी चवताळून रक्तवाहिन्यांच्या भिंती जाळताहेत. कुंपणच शेत खातंय! नडग्यांवर शाई नव्हती, रक्त होतं. दोन्ही किडन्या मिळून जेमतेम अर्धं काम करताहेत, आणि माझ्या नऊ दिवसांच्या शहाणपणाने त्यांचं आणखी वाटोळं झालंय. चांगल्यावरच लाल खुणा करत सुटायचं, ही अवदसा त्या पहारेकऱ्यांना कुठून आठवली, असं मी रागाने विचारणार होतो, तेवढ्यात तुझं पत्र डोळ्यांपुढे आलं. ते मी तपासलं होतं ताई, वाचलं नव्हतं.

आता औषधं शिरेतून सुरू झालीत. तोंड सुजलंय, भूक राक्षसासारखी लागते, आणि संमतिपत्रात अकरा चुका दाखवल्या म्हणून नर्सबाईंनी माझं लाल पेन जप्त केलंय. (हे पत्र निळ्या शाईत आहे, त्यामुळे मला ते परक्याचं वाटतंय.) बाकी सर्व क्षेम. भावजींना नमस्कार, बाळाला पापा. तू यायची काही गरज नाही.

तुझा धाकटा

ता. क. किडनीचा बारीकसा तुकडा सुईने काढून बघायचाय, परवा सकाळी नऊला. संमतिपत्रावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. शेठ तयार होते. मी त्यांचं नाव खोडून तिथे तुझं घातलंय, तुला न विचारता.

ता. क. २ औषध वेळेवर लागू पडलं तर किडन्या बऱ्याचशा वाचतील म्हणतात. न पडलं तर काय, ते मी विचारलं नाही.

ता. क. ३ शुद्धिपत्र: वर सहीच्या आधी ‘तू यायची काही गरज नाही’ असं पडलं आहे. त्याऐवजी ‘ये गं, मला फार भीती वाटतेय’ असं वाचावं.