दुखत नाही ती गाठ

४ सप्टेंबर

ती. ताईस,
तडतड्याचा सा. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, शर्टाची बाही चढवताना, माझं आयुष्य संपलं. हात वर केला आणि उजव्या बगलेत कळ आली. चाचपून पाहिलं तर गाठ. सुपारीएवढी. बोट लागलं तरी डोळ्यांपुढे काजवे चमकतात. त्यात छापखान्यात कागद कापायच्या मशीनने गेल्या आठवड्यात अंगठ्याचा घास घेतला, त्यावर पट्टी आहे. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तू लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या गाठींचे काप करतेस. मला खोटा धीर देऊ नकोस. मला ट्यूमर झालाय. फोन केला नाही, कारण तो आईच्या शिलाई मशीनला खेटून आहे आणि ती कामात असली की तिचे कान जास्तच चालतात.

समोरच्या औषधांच्या दुकानातल्या तिला (पट्टी तिनेच दिली होती) चार पानी पत्र लिहिलं. माझी वाट पाहू नकोस, कुणीतरी निरोगी बघ आणि सुखी हो. काल काउंटरवर ठेवलं आणि मागे न बघता निघून आलो. प्राचार्यांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून कॉलेज सोडलं त्या दिवशीही इतकं तुटलं नव्हतं.

शेवटी आईलाही सांगितलं. ती हसली. गणवेशाची कॉलर उलटवता उलटवता म्हणाली की मलाही आहे एक, छातीशी, डाव्या बाजूला, वर्ष होत आलं, मला कुठे काय झालं? पण तिचं ठीक आहे. तिची दुखत नाही, गप पडून असते म्हणे. माझीच मेली दिवसभर बोंबलते. नशीब एकेकाचं.

आता जे काय थोडे दिवस आहेत, त्यात तुझी माया कमी पडू देऊ नकोस.

तुझा,
तडतड्या


७ सप्टेंबर

चि. तडतड्यास,
अ. उ. आ. आणि सोबत एक धपाटा.

तुझं पत्र उभ्यानेच वाचायला घेतलं. हसू आवरत नव्हतं. शेवटून दुसऱ्या परिच्छेदाला आले आणि खुर्ची ओढून बसले.

आधी तुझं उरकते. अंगठा चिघळलाय ना? त्याच हाताच्या बगलेत सुजलीय ना? ती गाठ म्हणजे तुझ्या शरीराने जखमेसाठी बसवलेला पहारेकरी आहे, कामाने सुजलाय. डॉक्टरला अंगठा दाखव. दोन आठवड्यांत उतरली नाही तर पुन्हा दाखव. आणि त्या मुलीला तू वाट पाहायला सांगितलं होतंस तरी कधी?

आता नीट वाच. दुखणं हे माप नव्हे. घातक गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही, म्हणून तर लोक वर्षभर अंगावर काढतात. दुखली म्हणून वाईट आणि गप म्हणून चांगली, हे तुम्हा मायलेकांना कुणी शिकवलं?

साधी गाठ आपल्या जागी वाढते. तिला बहुधा कड असते. शेजाऱ्याला ढकलेल, पण त्याच्या घरात घुसणार नाही. आईच्या भाषेत सांगायचं तर वरून शिवलेला खिसा. उसवला की कापड शाबूत. घातक गाठ म्हणजे धुण्यात उतरलेला रंग. धाग्याधाग्यात शिरतो, कड सापडत नाही, आणि पाण्याबरोबर बादलीतल्या दुसऱ्या कपड्यांपर्यंत जातो. तशी ती रक्तातून लांब कुठेतरी जाऊन नवं बिऱ्हाड थाटते. कुठली कोणती, हे हाताला कळत नाही, तुला नाही, आईला नाही, मलाही नाही. तुकडा काढून काचेखाली बघावा लागतो. बायकांच्या बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण बघितल्याशिवाय साधी म्हणायची नाही.

तिला उद्याच्या उद्या सर्जनकडे ने. आरडाओरडा करू नकोस. तुझ्यावर विसंबून आहे, हे लिहितानाच घाम फुटतोय.

तुम्हा दोघांत जीव अडकलेली,
ताई


१२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आरडाओरडा केला. लपवून काय उपयोग? तुझं पत्र तिच्या मशीनवर ठेवलं आणि म्हणालो की वर्षभर गप बसलीस ती कुणासाठी, आम्हाला पोरकं करायला का? तिने पत्राची घडी घातली, सुयांच्या डब्याखाली ठेवली आणि साठ गणवेश द्यायचेत म्हणाली. दोन दिवस मशीन चालूच. मी जेवलो नाही, तर माझं ताट झाकून ठेवून स्वतः शांतपणे जेवली.

तिसऱ्या दिवशी डोकं भणभणलेलं, तसाच अंगठ्याच्या गोळ्या आणायला गेलो. दुकानातल्या तिने माझं पत्र परत केलं. शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलने काढल्या होत्या. वाट वगैरे मी कुणाचीच पाहत नाहीये म्हणाली, आणि चेहरा असा का पडलाय म्हणून विचारलं. मी काउंटरवरच सगळं ओकलो. गिऱ्हाइकं ऐकत होती.

त्याच संध्याकाळी ती घरी आली, कुर्त्याचं कापड घेऊन. पडद्यामागे आई माप घेत होती. अर्धा तास. एका कुर्त्याला अर्धा तास लागत नाही. आत काय बोलणं झालं ते मला दोघीही सांगत नाहीत. पण सकाळी आई चप्पल घालून दारात उभी. मला म्हणाली, चल, काय बघत बसलायस.

सर्जनने चाचपलं, गाठ टणक आहे आणि बोटाखाली हलत नाही म्हणाला. जाड सुईने तुकडा काढला. मीच भिंतीला टेकलो, नर्सने मला पाणी दिलं. तुकडा बाटलीत घालून तुमच्याच लॅबला पाठवतात म्हणे. तू असशील ना तिथे? मला फक्त एक शब्द लिहून कळव. साधी असेल तर साधी एवढंच. इथे मी छापखान्यात पानांचे क्रम चुकवतोय, फोरमनने दोनदा झापलं.

तुझ्या एका शब्दावर श्वास धरून,
तडतड्या


१७ सप्टेंबर

चि. तडतड्यास,
अ. उ. आ.

बाटली सोमवारी आली. चिठ्ठीवर आईचं नाव, वय चोपन्न. शेजारच्या टेबलावरचीने विचारलं की मी करू का, मी नको म्हटलं. मेणाच्या ठोकळ्यात तुकडा बसवला, काप घेतले. हात थरथरला तर काप फाटतो. एकही फाटला नाही. रंग चढवून काच डॉक्टर मॅडमच्या टेबलावर ठेवली.

सोळा वर्षं काचा बघते आहे, तेव्हा एकदा डोळा लावला नाही असं म्हणणार नाही. पण सांगायचं काम मॅडमचं आहे, माझं नाही. त्यांनी आणखी एक तपासणी सांगितली आहे. त्यांची सही होईपर्यंत मी काही पाहिलेलं नाही. तू मागितलास तो शब्द माझ्याकडे मागू नकोस.

अहवाल पाकिटातून येईल. पाकीट आईचं आहे. तू फोडायचं नाहीस, उजेडाला धरून बघायचं नाहीस. तिच्या हातात दे आणि शेजारी बस.

मी तीन आठवड्यांची रजा टाकली आहे. अमुक म्हणून नाही. साठलेली होती.

जेवत जा. माझी आठवण दोघांनी मिळून काढा,
ताई


२५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साठलेली रजा म्हणे. मी ते वाक्य जिन्यात बसून वाचलं आणि घरात गेल्यावर आईला सांगितलं की तू मजेत आहेस.

पाकीट शनिवारी आलं. फोडलं नाही. उजेडाला धरलं, पण लगेच खाली घेतलं. आईने कात्रीने सरळ रेषेत कापलं, चष्मा लावला, दोन ओळी वाचल्या आणि कागद माझ्याकडे दिला. म्हणाली, तुला ताईने समजावलंय ना, मग मला नीट सांग, साधी की दुसरी?

ताई, प्राचार्यांना मी काय काय सुनावलं होतं, आणि इथे एकच शब्द सांगायचा होता. दुसरी, म्हणालो. मग तुझं ते धुण्यातल्या रंगाचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. बादलीतल्या बाकीच्या कपड्यांना लागलाय का, एवढंच विचारलं. मी म्हणालो की अजून माहीत नाही. खोटं बोलावंसं फार वाटलं.

सर्जनही तेच म्हणाला. गाठ लहान आहे, बाकीच्या तपासण्यांत लांब कुठे काही दिसत नाही, पण बगलेतल्या त्या पहारेकरी गाठींपर्यंत गेलीय का ते ऑपरेशननंतरच कळेल. सोमवारी ऑपरेशन. डावा स्तन पूर्ण काढणार. हा शब्द मी आईसमोर प्रथमच ऐकला आणि खिडकीकडे बघत बसलो. तिने मात्र डॉक्टरला विचारलं की हात खांद्याच्या वर किती दिवसांनी जाईल, कापड बेतायला लागतो.

माझी गाठ विरघळली. आता चाचपली तरी सापडत नाही. सांगायलाही लाज वाटते. मी तिच्यापाशी बसून माझं रडगाणं गात होतो आणि तिची तिथेच होती, हाताच्या अंतरावर. डोक्यात दिवसभर तेच एक वर्ष फिरतंय. कुणावर तरी भडकावंसं वाटतं, आणि बघतो तर समोर मीच.

साठ गणवेश पुरे झाले. शेवटची चार बटणं दुकानातल्या तिने लावली, वाकडी. आईने उसवून परत लावली आणि तिला काही बोलली नाही, यावरून काय ते समज. मला मात्र दोघी मिळून बोलतात.

तू रविवारी येतेस ना? सकाळच्याच गाडीने ये. दिवसभर बळ धरतो, पण तू दारात दिसलीस की मला लहान होऊ दे.

तुझा,
तडतड्या

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात आई म्हणाली की पत्र आत्ताच टाकून ये, आणि लगेच येऊ नकोस, अर्धा तास तरी बाहेर राहा. का म्हणून विचारलं. ज्या उभ्या आरशात गिऱ्हाइकं कपडे घालून बघतात, तो तिने भिंतीपासून पुढे ओढला होता, पदराने पुसत होती. सोमवारच्या आधी स्वतःला एकदा नीट बघून घेते म्हणाली. खिडकीचा पडदा तिने आधीच बंद केलाय.

टोपण लावतो, बाहेर पडतो, दार लावून घेतो.