प्रणालीची तार

जुने शहर, अकोला
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. प्रियदर्शनी,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना दादाचा सप्रेम जय भीम. इकडे ठीक आहे. तुझ्या रश्मीवहिनीचा खोकला गेला. थंडीत पंखे कोणी दुरुस्तीला आणत नाही, विहिरीवरच्या मोटरी येतात, त्यावर दुकान चाललं आहे.

आमच्या गल्लीतले श्यामभाऊ रोज सकाळच्या गाडीनं अमरावतीला कचेरीत जातात. त्यांच्या हाती हे पत्र आणि एक खोका पाठवतो आहे. खोका आधी उघडू नकोस. फोन केला असता, पण माझा फोन आला की प्रणाली तुझ्याजवळून उठून आतल्या खोलीत जाते. दाराची कडी मला इथं ऐकू येते.

ललित जूनमध्ये सहावीत जाईल, तर आईबापांनी कशाची तयारी ठेवायची, असं तू विचारलंस. मी स्वतः सातवीत शाळा सोडली, पण प्रणालीच्या शाळेची एकही पालकसभा चुकवलेली नाही. तेव्हा विचारलंस ते बरोबर माणसाला.

पाचवीपर्यंत एकच बाई सगळं शिकवतात, पोराचा स्वभाव ओळखतात. सहावीपासून तासातासाला माणूस बदलतो. गणिताच्या सरांनी काय दिलं ते भाषेच्या बाईंना ठाऊक नसतं, त्यामुळे सगळ्यांचं सगळं एकाच दिवशी द्यायचं असतं. ललित रडेल, रडू दे. सेमी इंग्रजी घेतलंत तर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून येईल. पहिल्या घटक चाचणीत प्रणालीचे मार्क पाहून मी पेपर घेऊन शाळेत गेलो होतो. निघालं असं, की तिला उत्तर येत होतं, प्रश्न काय आहे तेच कळत नव्हतं. दिवाळीनंतर कळायला लागलं. म्हणून पहिल्या मार्कांवरून त्याला बोलू नकोस.

सातवी निराळी. सातवीत दार लागायला लागतं. दप्तराला हात लावलेला चालत नाही. शाळेच्या फाटकाशी आपण उभे असलो तर मैत्रिणींसमोर ओळख देत नाहीत. मला वाटलं, कोणीतरी कान भरले. रश्मी म्हणाली, "ते का मोटर हाय, खोलून पाहाले?"

आणि सातवीत विज्ञान प्रदर्शन असतं. त्याबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल.

प्रणालीला बरं नाही, चार दिवस हवापालट म्हणून पाठवतो, असं मी तुला सांगितलं होतं. तिला काही झालेलं नाही. तिला इथं राहायचं नव्हतं, म्हणून रश्मी तिला तुझ्याकडे पोचवून आली.

प्रदर्शनासाठी तिनं हातानं फिरवायचं जनित्र केलं होतं. पुठ्ठ्याची चौकोनी नळी, आत खिळ्यावर फिरणारे लोहचुंबक, नळीवरून गुंडाळलेली तांब्याची बारीक तार आणि तारेच्या टोकांना एक छोटा लाल दिवा. सगळं तिचं तिनं केलं. माझ्याकडे फक्त तार मागितली. मी दिली, आणि आता काही विचारायला येईल म्हणून दुकानात वाट पाहिली. आली नाही.

आदल्या दिवशी दुपारी ती शिकवणीला गेली होती. मॉडेल टेबलावर होतं. तारेवर लावलेली चिकटपट्टी काढून फिरवून पाहिलं. दिवा लागला, मिणमिणता. पण गुंडाळी बघवत नव्हती गं. एका बाजूला तारेचा ढीग, दुसरीकडे पुठ्ठा उघडा, तारेवरून तार आडवी गेलेली. माझ्या दुकानात अशी मोटर आली तर मी गिऱ्हाइकाला विचारतसुद्धा नाही, उकलतो. कारण तशीच राहिली तर ती जळते. हे मला कोणी शिकवलं नाही, जळालेले पंखे खोलून, वेढे मोजून मी शिकलो. त्या हातानं दुसरं काही सुचलं नाही. ती घरी येईस्तोवर तिची तार उकलली आणि नवी भरली, थराला थर लावून. दिवा कसा लख्ख लागला. मग तिनं लावली होती तशीच चिकटपट्टी लावली आणि काही बोललो नाही.

प्रदर्शनात मी भिंतीशी उभा होतो. तपासणारे सर आले, त्यांनी पट्टी सोलली आणि विचारलं, "एवढी सरळ गुंडाळी तू केली, बेटा?" प्रणालीनं गुंडाळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मुख्याध्यापिकांचा हात तिच्या खांद्यावर होता. ती म्हणाली, "हो, सर."

तालुक्यात पहिला नंबर आला.

घरी येताना मोर्णेच्या पुलावर ती थांबली. म्हणाली, "बाबा, माहा लाइट लागत होता."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

येत्या गुरुवारी तेल्हाऱ्याला जिल्ह्याचं प्रदर्शन आहे. शाळा तिला रोज एकेका वर्गासमोर उभी करून, गुंडाळी कशी केली ते वदवून घेत होती. गल्लीच्या तोंडाशी तिच्या फोटोचा फलक लागला आहे, खाली माझ्या दुकानाचं नाव. पानटपरीवाले नत्थुजी येणाऱ्या-जाणाऱ्याला फलक दाखवतात, "पाहा, बापाचा हात पोरीत उतरला." मी हसतो. दुकानात यायला-जायला दुसरा रस्ता नाही.

काल मुख्याध्यापिकांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लोटलं. म्हणाल्या, नावं वर गेली आहेत, शाळेच्या अब्रूचा प्रश्न आहे, हातभार तर सगळेच आईबाप लावतात. मी ऐकेना, तेव्हा हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, 'हो, सर' तिनं म्हटलंय. आता बोललात तर खोटी ती ठरेल, तुम्ही नाही."

बोलावं तर पोर खोटी ठरते. गप्प बसावं तर तेल्हाऱ्यात तिला पुन्हा तेच म्हणावं लागतं. आजवर बिघडलेलं काही खोललं आणि जागेवर बसलं नाही, असं माझ्या हातून झालं नव्हतं.

आता खोका उघड. त्यात तिचं जनित्र आहे, माझ्या गुंडाळीसकट. एक कटर आहे. आणि कागदात बांधलेली तिची तार आहे. दुकानात उकललेली तार मी भंगाराच्या डब्यात टाकतो, ही टाकली नव्हती. वाकडी आहे, गुंता आहे. सरळ करून पाठवावी म्हणून हात फार शिवशिवले. केली नाही. काल शाळेतून आल्यावर माझी गुंडाळी कापून टाकायला कटर उचललं होतं, तेही खाली ठेवलं. एकदा न विचारता झालं आहे.

कापायची तर तिनं कापावी. स्वतःची तार भरून दिवा मिणमिणला तर तोच तेल्हाऱ्याला न्यावा. गुंडाळीबद्दल कोणी विचारलं तर काय सांगायचं ते तिचं ती ठरवेल, बापानं उकललं होतं असं म्हणाली तर मी तिथं भिंतीशी असेनच, हात वर करीन. जायचंच नसेल तर खोका बंद करून ठेव, शाळेला मी तोंड देतो. बुधवारी संध्याकाळी अकोल्याच्या स्टेशनवर उभा राहीन. अमरावतीच्या गाडीतून ती उतरली नाही तर कळेल मला.

तिला हे पत्र वाचून दाखवू नकोस. तिच्याजवळ ठेव, वाचायचं की नाही ते तिचं ती पाहील.

ललितला विज्ञानाचं काही करायचं झालं की माझ्याकडे तार मागायला सांग. हवी तेवढी पाठवीन. मी येणार नाही.

हात आवरून बसलेला,
तुझा दादा
धर्मपाल