करड्या पोपटाचं कार्ड

३ तारीख, सोमवार
आलो बुवा एकदाचा! अकरा पिंजरे, सव्वीस पोपट आणि एक मावशी. मावशी माझी कोणी नाही, पण तिला सगळेच मावशी म्हणतात. लोक हौसेने पोपट घेतात, दोन महिन्यांत कंटाळतात. कोणी गच्चीवर सोडून देतं, कोणी खोक्यात घालून रस्त्यात ठेवतं. मावशी त्यांना आणते, बरं करते, आधी सांभाळायला आणि जमलं तर कायमचं दत्तक देते. तेही मुलगी द्यावी तसं, घर बघून, चौकशा करून.

कॉलेज का सोडलं, विचारलं तिने. डोकं लवकर तापतं म्हटलं. म्हणाली, इथे तापलेल्याचं बोट पोपट फोडतात, मग तो आपोआप निवतो.

खरं कारण ती, माझ्या कॉलेजातली. कँटीनमध्ये सगळ्यांदेखत मी तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट की घड्याळाचा पट्टा तुटला. ती चकार शब्द बोलली नाही. घड्याळ उचललं आणि गेली. दुसऱ्या दिवशी मीही गेलो, कायमचा.

५ तारीख, बुधवार
नवा पक्षी चाळीस दिवस मागच्या खोलीत एकटा ठेवायचा. रोज वजन, रोज विष्ठा बघायची (हेच बाकी होतं आयुष्यात). प्रत्येक पोपटाचं एक कार्ड असतं. काय बोलला, कोणाच्या आवाजात, कोणत्या तारखेला, सगळं लिहायचं. नेणाऱ्या घराला कळायला हवं ना! एक हिरवा दिवसभर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणतो. त्याला अजून घर मिळालेलं नाही.

एक सक्त ताकीद: पक्ष्यांसमोर रागवायचं नाही. मावशी म्हणते, प्रेमाचा शब्द शिकायला त्यांना वर्ष लागतं, रागाचा एकदा ऐकून पाठ होतो.

८ तारीख, शनिवार
करडा पोपट आला, लाल शेपटीचा. सांभाळायला दिला होता, त्या घरातून परत आलाय. पेपर तपासणाऱ्यासारखा मान तिरकी करून बघतो, म्हणून मी त्याला मास्तर म्हणतो. बोलत मात्र नाही.

११ तारीख, मंगळवार
फोनला रेंज फक्त मागच्या खोलीच्या खिडकीत. चार महिन्यांनी तिने उचलला! गोड बोलायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, तू बरा आहेस हे बरं झालं, पण पुन्हा फोन करू नकोस. माझं डोकं सणकलं. ओरडलो, “ऐकून तर घे!” तिने कट केला.

आणि पाठीमागून, माझ्याच आवाजात: “ऐकून तर घे!”

मावशीने कार्डावर लिहिलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

१४ तारीख, शुक्रवार
माझ्या ताईचा फोन! ताईने तिची समजूत घातली. रविवारी, २३ तारखेला येणार. माझी पुस्तकं परत देईल आणि एकदा शेवटचं नीट बोलेल. शेवटचं तर शेवटचं! सत्तावीसच्या सत्तावीस पोपटांना सांगत सुटलो.

दुपारी मास्तर बोलला. तिच्या आवाजात. “हात सोड, दुखतंय.”

कँटीनमध्ये ती हे बोलली नव्हती. आणि फोन माझ्या कानाला होता. तिचा आवाज याने ऐकला कधी?

१७ तारीख, सोमवार
आज पुन्हा तिचाच. “अय्या, केवढा मोठा आहे हा!” आणि शेवटी ते उचकीसारखं हसू. ते जगात दुसऱ्या कोणाचं नाही.

मग पत्र्याची बादली फरशीवर आदळल्याचा आवाज. धावत गेलो. दाण्याची बादली जागच्या जागी, झाकणासकट.

१९ तारीख, बुधवार
मावशी आणि पक्ष्यांचा डॉक्टर बाहेरगावी गेलेत, वनखात्याने तस्करांकडून पकडलेले पोपट आणायला. रविवारी संध्याकाळी येतील. इथल्या पोपटांच्या पाच पिल्लांना दर तीन तासांनी मीच भरवतोय.

कपाटात मास्तरचं जुनं कार्ड सापडलं. सांभाळणाऱ्या बाईचं टपोरं अक्षर. ‘५ तारीख. नवऱ्याच्या आवाजात: पाय घसरला तिचा, पाय घसरला. गंमतच आहे, आमच्याकडे असं कोणी म्हटलेलं नाही.’

मावशीला फोन केला. ती बाई जिन्यावरून पडून गेली. गेल्या महिन्यात, २७ तारखेला; कार्डावरच्या नोंदीनंतर बावीस दिवसांनी. पोपट परत द्यायला नवराच आला होता, सारखं एकच वाक्य म्हणत होता. कोणतं, ते मी विचारलं नाही.

२० तारीख, गुरुवार
सकाळी दाणे घालताना. हळू आवाजात. माझ्या.

“उठ ना. उठ ना गं.”

आयुष्यात मी हे कधी कोणाला म्हटलेलं नाही. अजून.

२१ तारीख, शुक्रवार
ताईला सांगितलं, तिला येऊ देऊ नकोस. ताई म्हणाली, आता नखरे पुरे, पोरगी मोठ्या मनाने येतेय. तिचा फोन लागत नाही, माझा नंबर तिने बंद केलाय.

मास्तरला खिडकीतून सोडायला गेलो. पंख कापलेले. माझ्या मनगटावर बसला आणि घट्ट धरलं. खूप घट्ट.

२२ तारीख, शनिवार
बॅग भरली. स्टँडवर गेलो. गाडी लागली होती. पिल्लं उपाशी मरतील म्हणून परतलो. खोटं कशाला लिहू — तिला बघायचं होतं म्हणून परतलो.

हात खिशात ठेवतोय. माझ्याच हातांची भीती —

२३ तारीख, रविवार. सकाळ
ठरलं. दाण्याच्या कोठीत स्वतःला कोंडून घ्यायचं. दाराचं कुलूप दोन्हीकडून चालतं; आतून लावायचं, किल्ली दाराखालून बाहेर सरकवायची. मावशी आली की उघडेल. मास्तरलाही आत घेतलाय, म्हणजे तो तिच्यासमोर काही बोलणार नाही. बाहेरच्या दारावर चिठ्ठी लावली: परत जा, माझं ऐक.

ती परत गेली की झालं. तिला काही होता कामा नये, बाकी माझं काय व्हायचं ते होवो.

दुपार
फाटक वाजलं. तिच्या चपला. चिठ्ठी वाचून जाईल.

गेली नाही. आत आली.

“अय्या, केवढा मोठा आहे हा!” आणि ते हसू.

कोणाला म्हणाली? मोठा हाच, तो माझ्याजवळ — पिंजऱ्यात, कापडाखाली. कापड उचललं. चोच मिटलेली. दाराकडे बघतोय.

ओरडतोय मी, जा, परत जा म्हणून. तिला ऐकू कसं जात नाही —

“हात सोड, दुखतंय.”

कोण आहे बाहेर? माझे दोन्ही हात इथे आहेत. एकात पेन. एक दारावर.

“ऐकून तर घे!”

माझा आवाज. बाहेरून. मास्तरची चोच मिटलेलीच आहे, शपथ —

बादली.

आता काहीच नाही. सव्वीस पोपट आणि एकाचाही आवाज नाही. दाराखालून दाणे घरंगळत आत येतायत. फटीशी तोंड नेऊन हाका मारल्या. उठ ना म्हटलं. उठ ना गं —

म्हटलं मी. मीच म्हटलं.

कार्डावर यापुढे काही नाही.

पावलं. इकडेच. माझ्यासारखीच, डावा पाय जरा घासत. खाली वाकतंय कोणीतरी. किल्ली उचल