सैतानाला मिळालेलं तोंड

तीर्थस्वरूप पांक्रात मामांना भाच्या अवेर्कीचा कमरेपर्यंत वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामी बऱ्या आहेत ना? घोडी व्याली का?

मामा, मी जिंकलो! इथल्या चर्चच्या पश्चिम भिंतीवर शेवटच्या न्यायाच्या दिवसाचं चित्र काढायचं काम मला मिळालं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. फादरांच्या हाताखालचा डीकन बोलला होता, 'गावाला भिंत पटली तर उस्तिन्या तुझी.' (उस्तिन्या म्हणजे त्याची मुलगी. तिला मी आधीच पटलो होतो, भिंतीचंच काय ते राहिलं होतं.) देवदूत झाले, पापी झाले, मधोमध चांगला धिप्पाड सैतान बसवला. रविवारी पडदा काढला, तर पिठाचा व्यापारी येव्स्तिग्नेय लुकिच ओरडला, "हा तर मी आहे!" तोवर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं हो! त्यानंतर मात्र पोरंसोरंसुद्धा म्हणायला लागली, तोच, तोच. मी निमूट सैतानाचं नाक बसकं केलं. लगेच पाटील साव्वातीची बायको पदराआड हसत म्हणाली, "अगंबाई, हे तर आमचेच!" पाटील काठी घेऊन माझ्या शिडीखाली उभा. ते तोंड पुसून नवं काढलं, तर खुद्द डीकनच भिंतीकडे टक लावून बघायला लागला. माझं लग्न गेलंच म्हणायचं!

शेवटी फादर मेलेती कळवळून म्हणाले, "बाळा, जो तक्रार करणार नाही असा कुणीतरी बघ ना." मी दार लावून घेतलं आणि सैतानाला माझंच तोंड दिलं. पुढच्या रविवारी काय सांगू! सैतान दूर राहावा म्हणून म्हाताऱ्या डाव्या खांद्यावरून तीन-तीनदा थुंकल्या, एक तर बेशुद्धच पडली. येव्स्तिग्नेय लुकिचनं आनंदानं रडत मला मिठी मारली, "हाच, हाच खरा सैतान!" उस्तिन्या म्हणाली, "बरं झालं, दोघांतला एक तरी भिंतीला चिकटून राहील." पोक्रोवच्या सणानंतर लग्न आहे. वरबाप म्हणून तुम्हीच उभं राहायचं.

तुमचा विजयी भाचा,
अवेर्की

ता. क. वर 'माझंच तोंड' आणि उस्तिन्याचं ते बोलणं लिहिलं, ते जरा शोभेसाठी. आरशात बघून काढलं, तर सैतान उपाशी कारकुनासारखा दिसायला लागला. म्हणून मग तुमचं तोंड आठवून काढलं.

ता. क. २. येताना तेवढी दाढी काढून या. भुवयांचं काय करायचं, ते इथे आल्यावर रंगानं बघू.