शाळिग्रामाची आंघोळ

वेलचेरी, चेन्नई

तीर्थरूप आईंना सूनबाईचा वाकून नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. पाऊस पुष्कळ झाला, पण पाणी जिन्याशीच थांबलं.

तुमची नात ईरा हल्ली शाळेच्या अभ्यासासाठी एका वेबसाइटवर जीवाश्म फिरवून फिरवून बघते. परवा ओरडली, "आई, आजीने दिलेल्या शाळिग्रामावरचंच चक्र!" कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्रातला प्राणी म्हणे, दगड झालेला. मला धसकाच बसला, आता ही त्याला देव कसली मानतेय!

झालं उलटंच. रोज सकाळी तीच त्याला आंघोळ घालते. म्हणते, "समुद्रातला ना तो, पाण्याशिवाय कसं करमेल त्याला?"

तेव्हा पूजेची काळजी आता खरंच नको. गुडघा कसा आहे? बरा झाला की याच. शाळिग्रामाला समुद्रावर न्यायचं ठरलंय, पण आजी आल्याशिवाय नाही म्हणते.

तुमची,
ऋजुता